आडत दुकानातला सोर्स कोड

सोयाबीनच्या हंगामात निलंग्याच्या मोंढ्यात दुपारी तीननंतर कुणी कुणाशी सरळ बोलत नाही. सौदे उरकलेले असतात, काट्यापाशी कट्ट्यांची थप्पी लागलेली असते, हमालांना पुढचा टेम्पो रिकामा करायचा असतो आणि शेतकऱ्याला दिवस मावळायच्या आत पट्टी घेऊन गावाकडं निघायचं असतं. नेमक्या अशा वेळी एका आडत दुकानातल्या मुनीमजींच्या टेबलावरचा प्रिंटर थांबला. मुनीमजींनी एकदा बटण दाबलं, दोनदा दाबलं, मग खिशातून फोन काढला. ‘‘ओ इंजिनियर, पट्टी निघंना झालीय. माणसं खोळंबलीत. या लवकर.’’

पंधरा-वीस मिनिटांत मोटारसायकलवरून एक तिशीतला तरुण आला. खुर्चीवर न बसता, वाकूनच त्यानं माऊस हलवला, प्रिंटरच्या रांगेत अडकून पडलेली सकाळची एक पट्टी काढून टाकली, आणि डॉट मॅट्रिक्सची करकर पुन्हा सुरू झाली. मुनीमजी म्हणाले, ‘‘चहा घेऊन जावा.’’ तो थांबला नाही. दुसऱ्या दुकानातून फोन आला होता.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘मालकी’ हा विषय दिला तेव्हा सातबारा, गायरान, वतनं यांवर लिहिणारे पुष्कळजण निघतील हे उघड होतं. मी या तरुणाच्या मागं लागलो, कारण तो एका वेगळ्याच मालकीच्या पेचात आहे. निलंगा, औराद शहाजानी, देवणी, उदगीर या पट्ट्यातल्या तीसेक आडत दुकानांत चालणारा प्रोग्रॅम त्यानं लिहिलेला आहे. तो विकून त्याचं घर चालतं. आणि आता त्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड उघडा करावा, कुणालाही वाचू, बदलू, वाटू द्यावा, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. नाव छापू नका म्हणाला. सगळे निर्णय अजून झालेले नाहीत आणि घरी सांगितलेलं नाही, ही त्याची कारणं.

पट्टीत काय काय असतं

पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल, पट्टी म्हणजे आडतीचा हिशेब, तो काय, वजन गुणिले भाव. तसं नाही. शेतकऱ्यानं माल आणला, ढीग पडला, सौद्यात भाव फुटला, काट्यावर वजन झालं. इथवर गुणाकारच आहे. पुढं हमाली आली, तोलाई आली, बारदान्याचं वजन वजा झालं. एका ढिगातला निम्मा माल एका खरेदीदारानं घेतला, निम्मा दुसऱ्यानं, असंही होतं. आणि सगळ्यात मोठी भानगड म्हणजे उचल. पेरणीच्या वेळी बियाण्याला, मधे दवाखान्याला, कधी पोरीच्या लग्नाला शेतकऱ्यानं आडत्याकडून पैसे उचललेले असतात. ते पट्टीतून कापायचे, पण किती? कायदा काही म्हणो, ते त्या दोघांच्या संबंधावर ठरतं. पाऊस गेला, उतारा पडला, तर आडत्या म्हणतो, ‘‘ऱ्हाऊ द्या, तुरीला बघू.’’ म्हणजे सोयाबीनची उचल जानेवारीतल्या तुरीच्या पट्टीवर ढकलली. प्रोग्रॅमला हे ‘तुरीला बघू’ कळलं पाहिजे.

टॅली मोंढ्यातही आहे. सीएला वर्षाच्या शेवटी तेच लागतं. पण तुरीला बघूची सोय त्यात आयती मिळत नाही; ती मागं जोडावी लागते. म्हणून गावोगाव असे लहान प्रोग्रॅम उगवले. आपल्याकडं सॉफ्टवेअर म्हटलं की हिंजवडीच्या काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. पण बसस्थानकासमोर पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दोन संगणक, अशा खोल्यांतून चालणारं सॉफ्टवेअर मराठवाड्याच्या तालुक्यांत बरंच आहे आणि त्याची नोंद कुठं होत नाही.

याचीही खोली तशीच. लातूरला इंजिनियरिंग, पुण्यात काही वर्षं नोकरी, लॉकडाऊनमध्ये गावी परत. मामाच्या आडत दुकानासाठी म्हणून लिहायला घेतलं, ते शेजारच्या दुकानदारानं मागितलं, तिथून धंदा. आधी व्हिज्युअल बेसिक आणि अ‍ॅक्सेस, मग पीएचपी आणि मायएसक्यूएल. त्यानं मला कोड दाखवला. मला त्यातलं थोडंफार कळतं. वाचनीय होत्या त्या टिपा. प्रोग्रॅम लिहिताना स्वतःसाठी मधे मधे टिपा टाकतात, तशा मराठीत टाकलेल्या. एका ठिकाणी होतं : ‘ही ओळ काढू नका, उदगीरचं बिल बंद पडतं.’ का बंद पडतं, ते आता त्यालाही आठवत नाही.

वही उघडी होणार का?

पहिला गैरसमज आडत्यांचाच. त्यानं दोन-तीन जुन्या ग्राहकांच्या कानावर गोष्ट घातली तेव्हा एकजण चपापलाच. ‘‘म्हंजे माझी वही गावाला दाखवणार का? कुणाला किती उचल दिली, कुणाचं किती बुडालं, ते सगळं?’’

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वही आणि वही लिहायची रीत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तो त्यांना समजावून सांगतो. सोर्स कोड म्हणजे रीत : बारदाना कसा वजा करायचा, उचल कुठल्या क्रमानं कापायची. नोंदी दुकानातल्या संगणकात असतात, तिथंच राहणार. पण खरं सांगायचं तर धोका अगदीच खोटा नाही. प्रोग्रॅम तपासून बघायला म्हणून त्यानं एका दुकानाच्या खऱ्या नोंदींची नक्कल वर्षानुवर्षं कोडच्याच फोल्डरमध्ये ठेवलेली होती. शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, बँक खाती. एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचा पासवर्ड तर एका फाइलीत सरळ लिहिलेला. हे सगळं आज पुसलं तरी भागत नाही, कारण कोडचा जुना इतिहास गिटमध्ये जपलेला असतो आणि पुसलेली ओळ मागच्या तारखेत जशीच्या तशी सापडते. उघडं करायचं तर इतिहासासकट धुऊन काढावं लागतं, किंवा इतिहास टाकून देऊन नव्यानं सुरुवात करावी लागते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा झाल्यापासून अशा हलगर्जीपणाला नुसतं ‘चुकून राहिलं’ म्हणून भागवणं अवघड होत जाणार आहे.

दुसरी शंका मामाची. त्याला मूळ बेत सांगितलेला नाही, पण भाच्याचं काहीतरी चाललंय हे त्यानं ओळखलंय. ‘‘फुकट दिल्यावर माणूस किंमत करत नाही,’’ एवढंच म्हणाला. ही शंका जुनी आहे आणि तिचं उत्तर शोधायला निलंग्याच्या बाहेर जावं लागतं.

पुण्या-बंगळुरूच्या अक्षरांची गोष्ट

सुरुवात मात्र तरुणाच्या खोलीच्या इमारतीतूनच : खाली डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर. मालक पंचवीस वर्षं या कामात. संगणकाच्या मागं एक छोटं डोंगल लावलेलं. ते काढलं तर मराठी टायपिंगचं पॅकेज चालत नाही. मराठी वाचकाच्या हातात गेली तीसेक वर्षं जे जे छापील पडलं, दिवाळी अंकांसकट, त्यातलं फार मोठं काम अशा पैसे मोजून घेतलेल्या, कुलूप लावलेल्या पॅकेजांवर झालेलं आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी आणि बंगळुरूच्या सायबरस्केप मल्टिमीडियाचं आकृती ही त्यातली दोन ठळक नावं. युनिकोड रुळण्याच्या आधी प्रत्येक कंपनीची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी होती. एका पॅकेजात टाइप केलेला मजकूर दुसरीकडं उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसे. ग्राहक एकदा आत आला की बाहेर पडणं महाग.

आता गंमत अशी की या दोन्ही कंपन्यांनी आपल्या मालातला काही भाग मोकळा केला. २००३च्या सुमारास सायबरस्केपनं देवनागरी, गुजराती, तेलुगू, तमिळ, कन्नड अशा नऊ भारतीय लिप्यांचे आकृती फॉन्ट जीपीएल या परवान्याखाली खुले केले. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियानं ते वाटले. मॉड्युलर इन्फोटेकनं तयार केलेले फॉन्ट रेड हॅटनं ‘लोहित’ या नावानं जीपीएलखाली बाहेर आणले, आणि सप्टेंबर २०११मध्ये त्यांचा परवाना बदलून खास फॉन्टसाठी असलेला एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स लावला. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यानं लोहित पाहिलेला असतोच. विकिपीडियानंही तो वाचकांच्या पडद्यावर पोचवला. ज्या पुणेरी कंपनीचं डोंगल खालच्या दुकानात लागतं, तिच्याच घरातली अक्षरं जगभर बिनकुलपाची फिरत आहेत, हे डीटीपीवाल्या काकांना ठाऊक नव्हतं. ऐकून म्हणाले, ‘‘मग माझ्याकडून पैसे का घेतले?’’

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही त्यांच्याच टेबलावर आहे. त्यांना विकत हवा होता तो एक फॉन्ट नव्हे. पत्रिकेला लागणारी शेकडो वळणं, पेजमेकरपासून कोरलड्रॉपर्यंत सगळीकडं चालणारी टायपिंगची सोय, हाताला सवयीचा कीबोर्ड, आणि अडलं तर फोन उचलणारा माणूस, हे सगळं मिळून त्यांनी पैसे मोजले. कंपन्यांनी मोकळं केलं ते या ढिगाऱ्यातलं एक पोतं. श्रीलिपी त्यानंतरही विकलं जात राहिलं.

याच्या उलट उदाहरण सरकारी. २००५मध्ये केंद्र सरकारनं तमिळ आणि हिंदी भाषांसाठी फॉन्ट आणि अवजारांच्या सीडी वाटल्या, पुढं इतर भारतीय भाषांच्या निघाल्या. काम सी-डॅकचं होतं. फुकट होतं, भरपूर होतं, लोकांनी घरोघरी मागवलं. पण त्यातल्या बऱ्याचशा मालाचं आतलं यंत्र बंदच होतं. विंडोज बदललं, जुनं चालेनासं झालं, तेव्हा ते दुरुस्त करायची परवानगी बाहेरच्या कुणाला नव्हती. लोहितचं तसं झालं नाही, कारण रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयातल्या माणसांनी आणि बाहेरच्यांनी त्यात वर्षानुवर्षं दुरुस्त्या केल्या. अगदी पुढं जाऊन देवनागरीची आतली मांडणी नव्यानं लिहून काढली.

विकत घेऊन मोकळं केलेलं

‘किंमत करत नाही’ या मामाच्या मुद्द्याला माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर हॉलंडचं आहे. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रं आणि अ‍ॅनिमेशन करायचं सॉफ्टवेअर. नॉट अ नंबर नावाची कंपनी ते चालवत होती, २००२मध्ये ती बुडाली. गुंतवणूकदारांनी सांगितलं, एक लाख युरो द्या आणि कोड घेऊन जा. टॉन रोसेन्डाल या मूळ लेखकानं वापरणाऱ्यांकडं हात पसरला, आणि सात आठवड्यांत रक्कम जमली. १३ ऑक्टोबर २००२ला ब्लेंडर जीपीएलखाली खुलं झालं. लोकांनी फुकट मिळण्यासाठी पैसे दिले. आज चित्रपटांत त्याचा वापर होतो.

पण या गोष्टीला भुलून जाणाऱ्यांनी हेही पाहावं की ब्लेंडरकडं जगभर पसरलेले वापरणारे आधीपासून होते आणि त्यांतले पुष्कळ स्वतः कोड लिहू शकत होते. आडतीच्या प्रोग्रॅमचे वापरणारे मुनीमजी आहेत. कोड उघडा केला की रातोरात स्वयंसेवक धावून येतील ही कल्पना मला तरी भाबडी वाटते. बहुतेक खुल्या प्रकल्पांत काम करणारा माणूस एकच असतो, तोच ज्यानं सुरुवात केली.

मुंबईची फ्रॅपे ही कंपनी आपल्या तरुणाला जास्त जवळची. तिचे संस्थापक रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याला नीट ईआरपी, म्हणजे सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, मिळेना म्हणून स्वतः लिहायला घेतलं. २००८मध्ये वेब नोट्स टेक्नॉलॉजीज नावानं कंपनी निघाली, तीच पुढं फ्रॅपे झाली. ईआरपीनेक्स्ट हे त्यांचं मुख्य उत्पादन जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुलं आहे, आणि ज्या पायावर ते उभं आहे ती फ्रॅपे फ्रेमवर्क त्याहून सैल अशा एमआयटी परवान्याखाली. झीरोधाच्या रेनमॅटरनं त्यांच्यात पैसे गुंतवले. जीएसटीचा भाग त्यांच्या बाहेरच्या एका कंपनीनं लिहून खुला केला, आणि तोच आता ईआरपीनेक्स्ट वापरणारे भारतीय व्यापारी वापरतात. पैसे येतात ते होस्टिंगचे, आधाराचे, बसवून देण्याचे.

‘‘मग मला हे जमंल की,’’ असं तो म्हणाला आणि लगेच स्वतःच थांबला. निलंग्यातल्या आडत्याला होस्टिंग नको आहे. इंटरनेट गेलं तरी पट्टी निघाली पाहिजे. फ्रॅपेचा धंदा जगभराच्या लहान कारखान्यांवर उभा आहे, याचा मोटारसायकलवरून पोचता येईल तेवढ्या मोंढ्यांवर.

पैसा कशाचा मिळतो?

त्याच्या वह्या मी पाहिल्या. त्यानं दाखवल्या म्हणून पाहिल्या. उत्पन्न दोन प्रकारचं : नवीन दुकानाला प्रोग्रॅम बसवून देण्याचे एकरकमी पैसे, आणि वर्षाची देखभाल. पहिलं दरवर्षी घटत चाललंय, कारण पट्ट्यातली मोठी दुकानं संपत आली. दुसरं टिकून आहे. म्हणजे विकला जाणारा माल कोड नाहीच. आडत्या पैसे देतो ते हंगामात पंधरा मिनिटांत येण्याचे आणि नियम बदलला की दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम बदलून देण्याचे.

नियम बदलतातच. हमीभाव केंद्रावर सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४च्या हंगामात परतीच्या पावसानं माल ओला राहिला तेव्हा केंद्र सरकारनं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. हमीभाव त्या वर्षी ४,८९२ रुपये क्विंटल होता, पुढच्या हंगामात ५,३२८ झाला. आडत दुकानातला खासगी सौदा हमीभावानं होत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी शेतकरी पट्टी हातात घेऊन पहिला प्रश्न विचारतो तो ‘हमीभावापेक्षा किती कमी?’ म्हणून काही आडत्यांनी तो फरक दाखवणारी एक वेगळी नोंदच करून मागितली, स्वतःपुरती. असे लहान लहान बदल हीच त्याची खरी मजुरी.

लातूरचा कुणी मोठा विक्रेता कोड उचलून, नाव बदलून, स्वस्तात विकेल ही भीती त्याला आहे. मी विचारलं, आता तसं होत नाही का? तो हसला. त्याची जुनी आवृत्ती पेनड्राइव्हवरून कधीच पसरली आहे. कुलूप फोडलेलं. कर्नाटकाच्या सीमेपलीकडून, भालकीहून, बसवकल्याणहून, कधीही न पाहिलेल्या दुकानदारांचे फोन येतात : तुमचा प्रोग्रॅम बंद पडलाय, काय करायचं सांगा. पैसे न दिलेल्यांनाही फोनवर सांगतो तो. ‘‘नाय कसं म्हणायचं? शेतकरी दारात थांबलेला असतो.’’ कुलपानं चोर थांबले नाहीत. प्रामाणिक ग्राहक मात्र संगणक बदलला की नव्या किल्लीसाठी त्याच्या मागं लागतात.

खरी चोरी थांबवायला परवाना लागतो, आणि तिथं खुला परवाना बंद परवान्याइतकाच कडक असू शकतो. एमआयटी म्हणतो, घ्या आणि काहीही करा, माझं नाव तेवढं राहू द्या. जीपीएल म्हणतो, घ्या, विका, पण ज्याला द्याल त्याला सोर्सही द्या आणि हेच हक्क द्या. एजीपीएल त्याच्या पुढं जातो : कोड बदलून, स्वतःच्या सर्व्हरवर चालवून नुसती सेवा विकत असाल तरी वापरणाऱ्याला सोर्स द्यावा लागेल. लातूरच्या विक्रेत्यानं जीपीएलचा कोड उचलला तर त्यानं केलेल्या सुधारणा त्याच्या ग्राहकामार्फत निलंग्यात परत येऊ शकतात. बंद कोडची चोरी झाली तर काहीच परत येत नाही.

मोठ्या कंपन्याही या प्रश्नावर गोते खात आहेत. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीनं मार्च २०२४मध्ये आपला सैल परवाना काढून घेतला, क्लाउडवाले आपल्या जिवावर कमावतात म्हणून. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की नावाची फूट पडली. मे २०२५मध्ये रेडिस एजीपीएलचा पर्याय घेऊन परत फिरलं. हॅशिकॉर्प या कंपनीनंही २०२३मध्ये परवाना असाच आवळला होता, त्या फुटीतून ओपनटोफू निघालं. एकदा दिलेलं पुढच्या आवृत्तीसाठी काढून घेता येतं, पण आधी दिलेली आवृत्ती लोकांकडं राहतेच आणि लोक ती घेऊन निघून जातात. म्हणून द्यायच्या आधीच कडक परवाना निवडावा, नंतर आवळू नये, असं माझं मत झालं आहे.

कोडचा सातबारा

जमीन विकायची तर आधी सातबारा काढतात, कारण आठ नावं निघतात आणि त्यांतलं एक नेमकं मुंबईत असतं. कोडला सातबारा नाही, पण नावं असतात. आम्ही दोघांनी बसून यादी करायचा प्रयत्न केला. काट्यावरचं वजन थेट संगणकात घेणारा भाग पुण्यातल्या एका मित्रानं लिहून दिला होता, जेवणाच्या बोलीवर. एक अहवाल बनवायची लायब्ररी विकत घेतलेली. तिच्या करारात पुढं वाटायला मनाई. पट्टीवरचा फॉन्ट कुठून तरी उतरवलेला. दोन वर्षं एक मुलगा पगारावर होता, त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पट्टी पाठवायची सोय केली.

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७चा, संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. म्हणजे या तरुणाचा प्रोग्रॅम आणि माझा हा लेख कायद्याच्या एकाच खणात. पगारी नोकरानं नोकरीच्या कामात लिहिलेलं मालकाचं, वेगळा करार नसेल तर. पण मित्रानं मैत्रीत लिहून दिलेलं मित्राचंच राहतं. हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी आणि सहीनिशी. पगारावरच्या मुलाचा भाग याचा. मित्राचा भाग याचा नाही. त्याला फोन लावला, तो म्हणाला, ‘‘घे की, त्यात काय,’’ आणि एका ओळीचा कागद पाठवायला मात्र त्यानं बरेच दिवस लावले. विकत घेतलेली लायब्ररी काढून टाकावी लागली. फॉन्टची जागा मुंबईच्या एक टाइपच्या ‘मुक्ता’नं घेतली, जो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. पट्टी पूर्वीपेक्षा वाचायला सोपी झाली, असं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं न विचारता सांगितलं.

या छाटणीतच एक वेगळी वाट निघाली. प्रोग्रॅममध्ये एक भाग असा होता की जो उघडा करायला त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही : रक्कम अक्षरी लिहिणं. इंग्रजीत तीसेक शब्दांवर भागतं. मराठीत एकपासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द. एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर हे नियमानं तयार होत नाहीत, यादीच लागते. मराठीत बिल छापणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमवाल्यानं ही यादी स्वतः टाइप केलेली आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच याद्यांत एखादा तरी आकडा चुकलेला आहे. याच्याही यादीत ‘एकोणऐंशी’ दोनदा होतं आणि ‘एकोणनव्वद’ नव्हतंच. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. ही यादी, डॉट मॅट्रिक्सवर देवनागरी चित्र म्हणून छापायची युक्ती, आणि मित्राचा कागद आल्यावर काट्याची जोडणी, हे तीन तुकडे त्यानं एमआयटी परवान्याखाली मोकळे केले. यांत स्पर्धा नाही. ज्याला हवं त्यानं घ्यावं.

दोन-तीन महिन्यांनी नाशिककडच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या प्रोग्रॅमवाल्यानं दुसऱ्या बनावटीच्या काट्याची जोडणी त्यात घालून परत पाठवली. तोच काटा उदगीरच्या एका दुकानात होता आणि तिथं अजून वजन हातानं टाकत होते.

सोर्स कुणाला द्यायचा

उरला मुख्य प्रोग्रॅम. इथं त्यानं जे केलं ते मला पुस्तकी सल्ल्यांपेक्षा शहाणपणाचं वाटलं. जीपीएलबद्दल बहुतेकांची समजूत अशी की सगळं इंटरनेटवर टाकावंच लागतं. तसं नाही. परवाना सांगतो ते एवढंच की ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला सोर्स द्या. विकायला मनाई नाही, जगाला दाखवायची सक्ती नाही. म्हणून यंदाच्या हंगामापासून तो प्रोग्रॅम जीपीएलखाली विकतो, आणि प्रत्येक दुकानदाराला बसवताना सोर्सचा पेनड्राइव्ह देतो. देखभालीचा दर तोच.

आडत्यांना हे पटलं ते वेगळ्याच कारणानं. एकानं स्पष्टच विचारलं होतं, ‘‘उद्या तुमचं काय बरंवाईट झालं, नायतर पुण्याला परत गेलाव, तर माझं दुकान कुणाच्या भरवशावर?’’ हंगामाच्या मधे प्रोग्रॅमवाला गायब झालेली दुकानं मोंढ्यात आहेत, तेव्हा भीती हवेतली नव्हती. पेनड्राइव्ह हातात पडला तेव्हा त्या गृहस्थानं तो उलटसुलट पाहिला, आत काय आहे ते न उघडता गल्ल्यात टाकला आणि म्हणाला, ‘‘आता दुसऱ्या इंजिनियरला बी दाखवता येईल तर.’’ ही अर्धी धमकी होती. गेली चार वर्षं न वाढवलेला देखभालीचा दर यंदा वाढवायचा त्याचा बेत होता. तो त्यानं पुढं ढकलला.

निलंग्यात दुसरा इंजिनियर आहे कोण, हा प्रश्न राहतोच. एका माणसानं लिहिलेला, मराठी टिपांनी भरलेला कोड दुसऱ्याला समजायला महिना लागेल. म्हणून त्यानं आता संध्याकाळी इथल्या कॉलेजातल्या दोन मुलांना बसवून घ्यायला सुरुवात केली आहे. त्यांना पगार नाही, काम मिळेल असं आश्वासनही नाही. मुलं येतात ती पुण्याला मुलाखतीत दाखवायला काहीतरी हवं म्हणून, हे त्यांनी मला मोकळेपणानं सांगितलं. शिकून गेली तर तोट्यात कोण, यावर मामा आणि भाच्याचं एकमत होणार नाही.

तेवढ्यात भालकीहून एक फोन आला. पैसे न देता जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांपैकीच एकाचा मुलगा, बीदरला शिकलेला. निलंग्यातल्या एका आडत्यानं त्याला पेनड्राइव्ह दिला होता, परवान्यात बसतं तसं. त्यानं पट्टी कन्नडमध्ये छापायची सोय केली आहे, वरती कन्नड आणि खाली मराठी, कारण तिकडच्या मोंढ्यात दोन्ही भाषांचे शेतकरी येतात. निझामाच्या राज्यात हा सगळा मुलूख एकच होता. व्यापाराला ती सीमा अजून नीट कळलेली नाही. मुलगा कोड परत द्यायला तयार आहे. त्याच्याकडून सहीचा कागद घ्यावा की नुसता जीपीएलवर भरवसा ठेवावा, हे ठरायचं आहे. कागद घेतला तर पुढं कधी परवाना बदलायची मोकळीक राहते. नाही घेतला तर प्रोग्रॅम दोघांचा होतो आणि एकट्याला तो पुन्हा बंद करता येत नाही. मी असतो तर कागद घेतला नसता. तो अजून वकिलाला विचारतो आहे, आणि दरम्यान बसवकल्याणच्या दोन नव्या दुकानांत प्रोग्रॅम कुणी बसवायचा यावरून त्याची आणि भालकीच्या मुलाची फोनवर घासाघीस चालू आहे.